डाव्या सीटचे रूळ

आमच्या दुकानात ‘जुगाड’ ही शिवी आहे. तुर्भ्याला आमचं सीटकव्हरचं दुकान. बाबांनी टॅक्स्यांच्या सीटा शिवून ते चालतं केलं आणि मी त्याला जुन्या गाड्यांच्या नादाला लावलं. जुन्या गाड्या पाळणारी माणसं भलतीच हट्टी असतात. गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवशी जशी होती तशीच शिलाई त्यांना हवी, आत स्पंज चालत नाही, काथ्याच लागतो. मी त्यांच्याहून हट्टी, म्हणून आमचं जमतं. जुनी सीट उघडली की मधल्या काळात कोणी कोणी आत काय कोंबलंय ते दिसतं. गोणपाट, जुनं बेडशीट, एकदा तर अख्खी नऊवारी निघाली होती. तो सगळा कचरा मी आधी उपसते आणि मगच पहिला फोटो काढते. घाणीचे फोटो काय काढायचे? गिऱ्हाइकाला दाखवायचं ते मूळ रूप, असं माझं ठाम मत होतं.

स्वानंद सरांचं काम आलं तेव्हा बाबा आधी हसले. “आतापर्यंत रिक्षा आली, टेम्पो आला. आता इमानच बाकी होतं.” सर ऐरोलीला एका सॉफ्टवेअर कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, राहायला सीवूड्सला. एका बंद पडलेल्या फ्लाइंग क्लबाच्या गोदामातून त्यांनी एक शिकाऊ विमान उचललं होतं. दोघांनी शेजारी शेजारी बसायचं, डावीकडे शिकणारा आणि उजवीकडे शिकवणारा. ते उडवायचं नव्हतं. त्याच्या परवानग्या आणि इंजिन हा निराळाच घोळ. रबाळ्याच्या एका भाड्याच्या शेडमध्ये ते उभं करून त्यांना अगदी पहिल्यासारखं करायचं होतं. सीटांचं काम माझ्याकडे आलं.

“फक्त एक करा मॅडम,” ते म्हणाले. “काही काढायचं झालं तर आधी मला विचारा.”

“सर, टेन्शन घेऊ नका,” मी म्हणाले. सगळेच असं म्हणतात. सगळ्यांना विचारत बसले असते तर एकही काम पुरं झालं नसतं.

विमानातल्या सीटा रुळांवर बसवलेल्या असतात. सीटखाली एक खटका असतो, तो ओढला की सीट मागेपुढे सरकते आणि सोडला की रुळातल्या भोकात खिट्टी बसून ती जागच्या जागी अडकते. उंच माणूस मागे सरतो, बुटका पुढे. उजवी सीट कारखान्यातून आली तशीच होती. डावीचे रूळ पाहिले आणि माझं डोकं फिरलं. दोन्ही रुळांच्या पुढच्या टोकाला कोणीतरी हातभर लांब लोखंडी पट्ट्या रिव्हेट मारून जोडल्या होत्या. त्यात आणखी एक भोक पाडलेलं, पट्ट्यांची टोकं खाली पत्र्याला स्क्रूने आवळलेली, वर हिरवा रंग फासलेला. मापात होतं, मजबूत होतं, तेवढं मी तेव्हाही मान्य केलं. पण उजवीकडे नव्हतं ते डावीकडे होतं, म्हणजे नंतर केलेलं होतं, म्हणजे जुगाड. ग्राइंडर लावला आणि सगळं उडवून दिलं. रिव्हेटांच्या जागा घासून गुळगुळीत केल्या, पत्र्यातली भोकं लांबी, म्हणजे पुट्टी, भरून बुजवली, वर रंग मारला. पट्ट्या भंगारच्या पोत्यात गेल्या. माझं काम इतकं सफाईदार झालं की तिथे कधी काही होतं असं कोणाच्या बापाला कळलं नसतं.

मग मी फोटो काढले.

मूळ नमुन्याचं कॅनव्हास शोधायला मी फार फिरले. बाबांनी स्वतः काथ्या पिंजून भरला, सीटबेल्टची पितळी बकलं चिंचेने घासून चकचकीत केली. सीटा तयार झाल्या तेव्हा स्वानंद सर हरखले. त्यांच्या जुन्या गाड्यांच्या ग्रुपमध्ये फोटो फिरले, मला अनोळखी लोकांचे फोन यायला लागले. मी दोन आठवडे जमिनीपासून चार बोटं वर चालत होते.

ग्रुपमधल्या सगळ्या मंडळींना विमान दाखवायचा एक रविवार ठरला. त्या दिवशी कॉफी पिता पिता सर सहज म्हणाले, “आज आईलाही आणतोय. तिचं म्हणणं आहे, ती याच विमानात शिकली. माझ्या फोनवर विमानाचा नंबर बघून ओरडलीच, हे तर आमचं! लहानपणापासून तिचं हेच ऐकतोय, ‘मी विमान चालवायचे, एकटीने चालवायचे.’ कागद नाही, फोटो नाही. लग्नानंतर सासरी कोणी तो विषयच काढू दिला नाही म्हणे. आणि हल्ली तिचा जरा घोळही होतो. गॅस बंद केला का, औषध घेतलं का. त्यात हे विमान.”

“पण खरंही असेल ना सर?”

“अहो, तिची उंची बघाल तर कळेल,” ते हसले.

सरांच्या आई, स्मिताकाकू, आल्या. सोबत त्यांची सून क्षिप्रा. काकू माझ्या खांद्यालाही लागत नव्हत्या. पंजाबी ड्रेस आणि पायात कॅनव्हासचे बूट. “साडीत चढता येत नाही म्हणून सकाळपासून माझं डोकं खाल्लंय यांनी,” क्षिप्रा मला म्हणाली. “नवे बूट घ्यायला लावले.”

काकूंनी विमानाला एक फेरी मारली. शेपटी हलवून पाहिली, पंखाखालून वाकून गेल्या. मी चढायला स्टूल आणलं तर त्यांनी ते पायाने बाजूला सारलं. पंखाला टेकू देणाऱ्या तिरप्या दांड्याला हात घातला, एक पाय छोट्या पायरीवर, अंग अर्धं वळवलं आणि पंचाहत्तरीची ती बाई आत जाऊन बसली. मी त्या विमानात महिनाभर चढउतार केली होती, तरी दर वेळी माझं डोकं आपटायचं. तेव्हाच मला पहिल्यांदा त्या कापलेल्या पट्ट्या आठवल्या.

त्यांनी खाली बघितलंही नाही. उजवा हात सरळ सीटखाली गेला, खटका सापडला, त्यांनी तो ओढला आणि सीट पुढे ढकलली. सीट शेवटच्या भोकापर्यंत गेली आणि थांबली. त्यांनी पुन्हा ढकलली. पुन्हा. समोर पायाशी विमान वळवायची दोन पेडलं होती आणि त्यांचे नवेकोरे बूट त्यांच्या वीतभर अलीकडे लोंबत होते.

“पुढे जात नाही गं हे.”

“आई, तेवढंच जातं ते,” स्वानंद सर म्हणाले.

“नाही रे. अजून एक घर होतं पुढे, खिट्टीचं. हौसेरावांनी करून दिलं होतं मला. आमच्या क्लबाचे मेकॅनिक. म्हणाले, पोरी, तुझे पाय वाढायची वाट बघत बसलो तर मी रिटायर होईन.” काकू हसत होत्या आणि हाताने खटका ओढतच होत्या. “माझे पाय पोचायचे. सगळे मागे बसायचे आणि मी पुढच्या घरात.”

बाहेर सरांचे मित्र उभे होते. कोणीतरी मोबाइलवर व्हिडिओ काढत होता. “काकू, पाय तर अधांतरी तुमचे!” एक जण म्हणाला आणि सगळे हसले. वाईट कोणीच हसलं नाही, म्हाताऱ्या माणसांना हसतात तसं कौतुकाने हसले. स्वानंद सरही हसले.

काकू नाही हसल्या. त्यांनी माझ्याकडे वळून पाहिलं. “बाळ, तू केलंस ना काम? तुला माहीत असेल. आली तेव्हा सीट अशीच होती का?”

सगळे माझ्याकडे बघत होते. सरांनी मला विचारायला सांगितलं होतं आणि मी विचारलं नव्हतं. ग्रुपमधले दोघे तर पुढच्या आठवड्यात त्यांच्या गाड्या माझ्याकडे आणणार होते. हे सगळं मी आज मांडून सांगतेय, त्या क्षणी एवढा विचारही केला नाही. उचलली जीभ, लावली टाळ्याला.

“हो काकू,” मी म्हणाले. “अशीच होती. ओरिजिनल.”

त्यांचा हात खटक्यावरून सुटला. त्यांनी समोरच्या काचेतून शेडच्या पत्र्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, “असेल. मग माझाच घोळ होत असेल.” उतरताना त्यांनी स्टूल मागितलं.

त्यानंतर मला काम सुचेना. शिलाई उसवत होते, पुन्हा घालत होते. खाई त्याला खवखवे म्हणतात ते काही खोटं नाही. दुकानासमोर कुठलीही पांढरी गाडी थांबली की स्वानंद सर आले असं वाटायचं. आणि ते एकदा खरंच आले, हातात मिठाईचा डबा घेऊन.

“आईसाठी थँक्स म्हणायला आलो,” ते बाबांना म्हणाले. “त्या दिवसापासून विमानाचं नावच काढत नाही. परवा सोसायटीत कोणीतरी विचारलं तर म्हणाली, छे हो, मी कुठली चालवते, क्लबात टायपिंग करायचे. इतक्या वर्षांनी एकदाचं तिने स्वतःच मान्य केलं. जरा वाईट वाटलं, पण डोक्यातला एक गुंता तरी सुटला.”

बाबांनी डबा उघडून मला पेढा दिला. मी तो हातातच धरून ठेवला. सर गेल्यावर मी बाबांना सगळं सांगितलं. पट्ट्यांचं, आणि मी जे बोलले त्याचं. बाबा बराच वेळ हातातली दाभण कापडात खुपसत आणि काढत राहिले. ते मला ओरडतील याची मी वाट बघत होते. त्याने बरं वाटलं असतं.

“लोखंड तू कापलंस, ते एक येळ चालंल,” ते शेवटी म्हणाले. “कापणाऱ्याची चूक होते. पन त्या बाईनं तुला इचारलं होतं गं. तुला. पोराला न्हाय इचारलं.”

मी भंगारवाल्याकडे गेले. तो बाबांचा जुना ओळखीचा, जयभीम घालून त्याने मला बसवलं, चहा मागवला आणि सांगितलं की तो माल केव्हाच तळोज्याच्या भट्टीत गेला. मग मी आठवून आठवून नव्या पट्ट्या कापल्या. त्या कापताना मला कळत होतं की हौसेरावांनी किती विचार करून काम केलं होतं. भोक एक केस इकडेतिकडे झालं तरी खिट्टी बसणार नव्हती. त्यांनी ते एका ठेंगण्या पोरीसाठी केलं होतं आणि इतर सगळ्यांना त्रास होणार नाही असं केलं होतं. ज्याला मी जुगाड म्हणून हसले ते त्या विमानातलं सगळ्यात मायेचं काम होतं, आणि मी ते चहाच्या दोन घोटांमध्ये उडवलं. करायला गेले गणपती आणि झाला मारुती, असं म्हणून मोकळं व्हावं तर मारुतीही झाला नव्हता. एका बाईचं अख्खं तरुणपण मी भंगारात घातलं होतं.

पट्ट्या घेऊन मी रबाळ्याला गेले आणि सरांना शेडमध्येच बोलावलं. बुजवलेली भोकं त्यांच्या समोर खरवडून उघडी केली. लांबी निघाली, खाली जुन्या स्क्रूचे आटे दिसले. मी सगळं सांगितलं. ते चिडतील, काम काढून घेतील, ग्रुपमध्ये माझी अब्रू जाईल, याची तयारी करून गेले होते. सर चिडले नाहीत. ते तिथल्याच एका रंगाच्या डब्यावर बसले आणि त्या भोकांवरून बोट फिरवत राहिले.

“म्हणजे ती चालवायची,” ते म्हणाले.

“हो सर.”

“शाळेत निबंध होता, माझी आई. ती म्हणाली, लिही की विमान चालवायची. मी लिहिलं नाही. पोरं हसतील म्हणून. स्वयंपाक छान करते असं लिहिलं.” त्यांनी चष्मा काढला. “तुमची चूक एका दिवसाची आहे, मॅडम. बसवा त्या पट्ट्या. मी तिला घेऊन येतो.”

मी पट्ट्या बसवल्या. तो हिरवा रंगही लावला, जवळपास तसाच. खटका ओढून सीट पुढे घेतली तर खिट्टी पुढच्या घरात अशी बसली की मला रडू आलं. मनात म्हटलं, झालं, फिटलं.

काकू या वेळी साडी नेसून आल्या होत्या, पायात घरातल्या चपला. “मला कशाला पुन्हा उगाच आणलंस?” असं त्या मुलाला म्हणत होत्या. विमानाला फेरी मारली नाही. दांड्याकडे हात गेला नाही. स्टूलवर चढल्या, मी एका बाजूने धरलं, क्षिप्राने दुसऱ्या, आणि पाहुण्याच्या घरी बसावं तशा त्या सीटच्या कडेवर बसल्या. हात मांडीवर ठेवलेले.

स्वानंद सरांनी खटका ओढला आणि सीट पुढे सरकवली. शेवटच्या भोकाच्याही पुढे, नव्या घरात. काकूंचे पाय पेडलांवर टेकले.

“पोचले, काकू!” मी ओरडलेच.

त्यांनी खाली पाहिलं. “हो की,” त्या म्हणाल्या. “छान सोय केलीस गं. माझ्यासारख्या बुटक्यांची.”

“मी नाही केली. आधीपासूनच होती. हौसेरावांनी केलेली होती, ती मी कापून टाकली. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोलले, काकू. सगळ्यांसमोर खोटं बोलले. तुम्ही सांगत होतात ते सगळं खरं आहे.”

 काकूंनी विमानातून वाकून माझ्या गालाला हात लावला. त्यांच्या चेहऱ्यावर इतकी माया होती की मला पळून जावंसं वाटलं.

“किती करतेस गं माझ्यासाठी,” त्या म्हणाल्या. “माझं मन राखायला स्वतःवर आळ घेतेस. पण असं करू नये, बाळ. स्वानंद सांगतो, तुझ्याइतकं चोख काम नवी मुंबईत कोणाचं नाही. तू त्या दिवशी सांगितलंस तेव्हाच मला कळलं. इतकी वर्षं मी उगाच सगळ्यांना सांगत सुटले. लोक काय म्हणत असतील.”

“काकू, ही भोकं बघा, जुनी आहेत.”

“असतील गं. विमानाला भोकं असायचीच.”

स्वानंद सर शेडच्या फरशीवर गुडघे टेकून बसले, दारातून आत वाकले. “आई, मला सांग ना. विमान डावीकडे वळवायचं तर काय करायचं?”

“मला काय माहीत रे?”

“तुला माहीत आहे. तू मला झोपवताना सांगायचीस. मी ऐकलं नाही. आता ऐकतो, आई. सांग.”

काकू गोंधळल्या. त्यांनी क्षिप्राकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मुलाच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि ते का येतंय हे त्यांना उमगत नव्हतं, एवढंच कळत होतं की आपल्यामुळे येतंय. लेकरू खेळण्यासाठी अडून बसलं की आई जशी नमते, तशा त्या नमल्या. साडी जराशी आवरून घेतली, पाय पेडलांवर नीट ठेवले.

“रडतोस काय असा? बरं, तू सांग, मी दाबते. कुठला पाय?”

सरांनी बाहीने डोळे पुसले. मग ते म्हणाले, “डावा.”

काकूंनी डावा पाय दाबला. मागे शेपटीचा हलता पत्रा डावीकडे वळला.

“बरोबर का?” त्यांनी विचारलं.

“बरोबर,” सर म्हणाले. “आता उजवा.”

त्यांनी उजवा दाबला. ते सांगत गेले आणि त्या दाबत गेल्या, मध्ये मध्ये विचारत राहिल्या, “असंच ना?” मी शेपटीपाशी उभी होते. तिथून पुढे जायची माझी हिंमत झाली नाही.